पावसात इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक जात नाहीत

‘इलेक्ट्रिक गाडी फक्त मोटरच्या जोरावर थांबते, रस्ता ओला झाला की ब्रेक गेलेच,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. या गाड्यांनाही नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे ब्रेक, असतातच. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरही गाडीचा वेग कमी करते, पण चाक घसरू लागलं की यंत्रणा हे मोटरचं ब्रेकिंग स्वतःच कमी करते आणि काम पॅडवर सोपवते.

खरी काळजी वेगळी आहे. पॅड कमी वापरले जातात, म्हणून डिस्कवर तांबूस गंज धरतो. पहिल्या एक-दोन ब्रेकना खरखर ऐकू येते. अधूनमधून, मागे कुणी नाही हे बघून, जरा जोरात ब्रेक दाबत जा. टायरच्या खाचा तर आधी तपासा, त्या झिजल्या असतील तर कुठलीही गाडी पाण्यावरून घसरते. आणि ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलू नका, सावकाश सोडा.