मोठा टोप आहे का कुणाकडे?

आज कोजागरी. रात्री गच्चीवर तीस जण, आठ लिटर दूध आटवायचं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "मोठा टोप आहे का कुणाकडे? उद्या घासून परत देते." चार मिनिटांत उत्तर आलं. लिंक! खाली लिहिलेलं, "ताई, दहा मिनिटांत घरपोच." त्यावर सहा अंगठे.

अरे, विकत घ्यायचा असता तर ग्रुपवर कशाला आले असते? मला मागायचा होता.

रागारागात स्वतःच्या ट्रॉल्या उपसल्या. गॅसवर चढणारी तेवढीच भांडी मोजली, डबे-ताटं सोडून. ३४. शेगड्या तीन. आणि त्या ३४ मधल्या एकातही आठ लिटर दूध मावत नाही! तीन नॉनस्टिक, त्यातल्या दोघांचं कोटिंग खरवडून गेलंय, तरी टाकवत नाहीत. इंडक्शन आणल्यावर कळलं की बुडाला लोहचुंबक चिकटत नसेल तर भांडं तापतच नाही, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे टोप माळ्यावर गेले आणि नवा सेट आला. इंडक्शन वर्षात बंद पडला. सेट आहे. रोज हाताशी काय? दुधाचं पातेलं, चहाचं पातेलं, कुकर, कढई, तवा. बाकीच्यांना मी आणि ती मला ओळखतही नसू.

गिरगावात आमच्या अख्ख्या चाळीला मोदकपात्र एकच, तळमजल्यावरच्या काकूंचं. चतुर्थीला पहाटेपासून नंबर लागायचे. आमचा नंबर सकाळी नऊ वाजता, कारण आमच्याकडे पूजा उशिरा. मी ते आणायला जिना उतरायचे तेव्हा ते आधीच्या घरातल्या वाफेने गरमच असायचं, फ्रॉकच्या घेरात धरून वर आणायचे. परत देताना रिकामं द्यायचं नाही, आत पाच मोदक. काकूंकडे दुपारपर्यंत सात घरचे मोदक जमायचे आणि कुणाची पारी जाड झाली ते सगळ्या चाळीला कळायचं.

त्या मोदकपात्रावर काकूंच्या सासऱ्यांचं नाव होतं, खाली १९५८. पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, "नाव घालू ना?" मला वाटायचं हौस म्हणून घालतात. आज ट्रॉलीसमोर फतकल मारून बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. भांडं बाहेर जाणार, दहा घरं फिरणार, मग परत कुणाकडे यायचं ते त्यावर लिहायला नको? माझ्या नव्या सेटवर कुणाचंच नाव नाही. कशाला असेल? तो कुठे जाणारच नाहीये.

हो, मान्य, भांडी करपूनही परत यायची आणि आई दोन दिवस पुटपुटत चिंचेने घासायची. कुणाच्या घरचं चालतं, कुणाकडे मटण शिजतं म्हणून चालत नाही, तेही होतंच. काकूंनी एका घराला मोदकपात्र कधीच दिलं नाही. का, ते मोठेपणी कळलं. ते मला अजून खुपतं.

लिंक टाकणाऱ्याला झापायला बसले होते, पण आता एक कबूल करूनच टाकते. मागच्या श्रावणात चौथ्या मजल्यावरच्या मुलीने माझं आप्पेपात्र मागितलं होतं. मी म्हटलं, बहिणीकडे आहे. ते माझ्या मागच्याच ट्रॉलीत होतं. बिडाचं आहे, आईचं. ही साबणाने घासेल, ओलं ठेवेल, गंजेल, असं वाटलं. ती "बरं काकू" म्हणून गेली आणि आठवड्याभरात तिच्या दाराशी कुरिअरचा खोका दिसला. म्हणजे ३४ आकडा फक्त माझ्या घरात नाही वाढला. तिच्या घरचं एक मीच वाढवलं.

तेव्हा लिंकवाल्या दादा, तुम्हाला काय बोलू.

टोप शेवटपर्यंत मिळाला नाही. आत्ता तीन शेगड्यांवर तीन पातेली आहेत, दूध वाटून घातलंय. चारोळी सारखी पडली, केशर मात्र सगळं एकातच गेलं. गच्चीवर ज्याच्या वाट्याला पांढरं दूध येईल त्याने गप प्यावं.

आणि चौथ्या मजल्यावरची, तू हे वाचतेस मला माहितीये. तुझ्या खोक्यातलं पुढच्या कुणाला कामी येईल. माझं आप्पेपात्र उद्या घेऊन जा. साबण लावू नकोस, गरम पाण्याने धू, पुसून तेलाचा हात फिरव. नाव घातलेलं नाही त्यावर, लक्षात ठेव कुणाचं ते.