म्हणे, तौरात-इंजील उर्दूत नाहीतच!

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: इस्लाम कुरआनाखेरीज एकही ग्रंथ मानत नाही, तौरात (मूसांवर उतरलेला ग्रंथ), जबूर (दाऊदांची स्तोत्रं), इंजील (ईसांवर, म्हणजे येशूंवर, उतरलेला ग्रंथ) वाचणं हराम आहे, आणि म्हणूनच हे ग्रंथ उर्दूत कधी आलेच नाहीत.

पहिलं वाक्य कुरआनच खोडून काढतं. आधी उतरलेल्या ग्रंथांवर विश्वास ठेवणं हा ईमानचा, म्हणजे श्रद्धेचा, भाग आहे (कुरआन ४:१३६). सूरह माइदा या अध्यायात तौरात आणि इंजील दोन्हींत मार्गदर्शन आणि प्रकाश असल्याचं सांगितलंय (५:४४, ४६). यावर जास्त बोलायला नको.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र थोडा आधार आहे. पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांनी तौरातमधला काही मजकूर आणला तेव्हा पैगंबर नाराज झाले, अशी हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) मुसनद अहमद या हदीससंग्रहात आहे. तिच्या सनदीबद्दल, म्हणजे ती सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल, मुहद्दिसांत (हदीसच्या अभ्यासकांत) मतभेद आहेत. मूळ ग्रंथांत फेरफार, म्हणजे तहरीफ, झाली असं मानून अनेक उलेमा (धर्मपंडित) सामान्य वाचकाला त्यांपासून दूर राहायला सांगतात, हेही खरं. पण सहीह बुखारी हा हदीससंग्रह उघडा. अहले किताब, म्हणजे आधीचे ग्रंथ मानणारे लोक, तौरात हिब्रूत वाचत आणि मुसलमानांना अरबीत समजावून सांगत. त्यावर पैगंबरांनी सांगितलं की त्यांना खरं मानू नका आणि खोटंही ठरवू नका. आमचं अल्लाहवर आणि त्याने उतरवलेल्यावर ईमान आहे, एवढं म्हणा. म्हणजे भाषांतरातून कानावर येणाऱ्या ग्रंथाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच पडला होता, आणि कान बंद करा असं कुणी सांगितलं नाही. पंधराव्या शतकातले विद्वान बिकाई यांनी तर आपल्या तफसीरमध्ये (कुरआनाच्या भाष्यात) बायबलचे उतारेच दिले आणि टीका झाल्यावर त्याच्या समर्थनार्थ वेगळं पुस्तक लिहिलं. वाद जुना आहे, मिटलेलाही नाही. सरसकट ‘हराम’ म्हणणाऱ्याने त्यातली एकच बाजू ऐकलीय.

तिसरा दावा तर धडधडीत खोटा. हेन्री मार्टिन यांनी मिर्झा फितरत यांच्या मदतीने केलेला उर्दू नवा करार १८१४ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला. १८४३ मध्ये संपूर्ण बायबल उर्दूत आलं. भाषांतरं मिशनऱ्यांची, हे मान्य. पण वाचणारे तेवढेच नव्हते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६०च्या दशकात बायबलवर उर्दूत भाष्य लिहिलं. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी हे ख्रिस्ती मिशनरी पाद्री फांडर यांच्याशी जाहीर वादात भिडले ते तहरीफच्याच प्रश्नावर. बायबल बारकाईने न वाचता असा वाद कोण घालेल?

‘किताब-ए-मुकद्दस’, म्हणजे उर्दू बायबल, हातात घेताना एक भान मात्र हवं. तो ख्रिस्ती बायबलचा अनुवाद आहे. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार इंजील हजरत ईसांवर उतरली. नव्या करारात त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेली शुभवर्तमानं आहेत, शिवाय पत्रं. दोन्ही एकच धरून वाचलं तर गोंधळ ठरलेलाच.

ज्याला स्वतः पडताळायचंय त्याने सूरह अंबियातली १०५वी आयत काढावी: जबूरमध्ये आम्ही लिहून ठेवलंय की जमिनीचे वारस माझे नेक बंदे होतील. मग उर्दू बायबलमधल्या जबूरचं ३७वं स्तोत्र आणि त्यातलं २९वं वचन शेजारी ठेवून वाचावं.