आधी तार बघा, मग अर्थ लावा

जपानी मीनाकारीच्या जुन्या भांड्यांबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : भांड्यावरची प्रत्येक आकृती हा गुप्त निरोप आहे. नक्षीतली वेटोळी म्हणजे भटकणारे आत्मे, शेवंती म्हणजे भांडं राजघराण्यातलं, तीन नखांचा ड्रॅगन म्हणजे माल अस्सल जपानी, आणि ‘शिप्पो’ (हे या मीनाकारीचं जपानी नाव) म्हणजे सात रत्नांची पूड.

सगळ्यात मोठी गफलत वेटोळ्यांत आहे. जुनी बशी भिंगाखाली धरा. प्रत्येक वेटोळं म्हणजे उभी बसवलेली चपटी तार दिसेल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काच. तांब्याच्या पत्र्यावर तारेचे कप्पे करायचे, त्यांत रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत घालायचं, मग घासून सपाट करायचं, असं हे काम. १८३३ च्या सुमारास जपानच्या ओवारी प्रांतात काजी त्सुनेकिची यांनी डच व्यापाऱ्यांकडून आलेली बशी फोडून ते उलगडलं, असं सांगतात. त्या काळी मोठा भाग तारेविना सोडला तर काच नीट धरत नसे, तडे जात. म्हणून मोकळी जागा वेलबुट्टीने भरायची. पुढे जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागेनर यांच्या मदतीने काच सुधारली आणि क्योतोच्या नामिकावा यासुयुकींच्या फुलदाण्यांवर आरशासारखी काळीभोर मोकळी जागा आली. वेटोळी तिथून गेली ती यामुळे.

शेवंतीचं म्हणाल तर राजचिन्ह ठरावीक आहे : सोळा पाकळ्या, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी मागच्या पाकळ्यांची टोकं. देठपानांसकट काढलेली शेवंती हे शरदाचं फूल, आणि अशी कितीतरी भांडी युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठीच घडली.

नखं मोजून देश ठरत नाही. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात तीन नखांचेच ड्रॅगन काढत.

शिप्पो म्हणजे ‘सात रत्नं’ हे खरं. बौद्ध ग्रंथांतल्या सप्तरत्नांवरून ते नाव आलं, आपल्याला तर ते ऐकताक्षणी कळावं. पण भांड्यात असते ती काच, आणि रंग येतो धातूंच्या ऑक्साइडांमुळे.

अर्थ असतातच. होओ (जपानी फिनिक्स) पक्षी किरीच्या (पौलोनियाच्या) झाडावर उतरलेला दिसला की चांगल्या राजाचं राज्य, क्रौंच आणि पाइन एकत्र आले की दीर्घायुष्य. पण यात लपवलेलं काही नाही. दारावरचं आंब्याचं तोरण आपल्याला जसं कोणी समजावून सांगावं लागत नाही, तसं तिथल्या माणसाला हे बघताच कळत होतं.