चार व्यापारी, भाव एकच

स्पर्धा कायद्यावरच्या तुमच्या लेखात मोठी कंपनी असणं हाच गुन्हा असल्यासारखं लिहिलंय. तसं नाही. २००२ च्या कायद्याचं कलम ४ बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराला हात घालतं, वर्चस्वाला नाही. आम्हा कोकणातल्या बागायतदारांना कलम ३, म्हणजे स्पर्धा मारणारे आपसातले करार रोखणारं कलम, जास्त जवळचं. मे महिन्यात काजू बी घेऊन चार व्यापाऱ्यांकडे फिरलो, चौघांचा भाव रुपयाच्याही फरकाशिवाय तोच. पाऊस भरून आलेला, गोणी उघड्या टेम्पोत; शेवटी देऊन टाकली. नुसत्या सारख्या भावावरून संगनमत सिद्ध होत नाही, हे मान्य. पण आपसात ठरवून भाव बांधला असेल, तर तोंडी समजूतही कायद्याने करारच ठरते. आणि त्यातल्याच एखाद्याने भारतीय स्पर्धा आयोगाला खरी, महत्त्वाची माहिती दिली तर त्याला दंडात सूट मिळू शकते. कृपया ही तरतूद लेखात घाला, आमच्याकडे ती कुणालाच माहीत नाही.