एक पाय चपलेत

लेखकाची मुलाखत घ्यायला जाताना मी बत्तीस प्रश्न लिहून नेले होते. फ्रेंच सिनेदिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं १९६२ साली रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकला पत्र लिहून पाचशे प्रश्न विचारायची परवानगी मागितली होती, त्या आकड्यावर मी भाळलो होतो. त्रुफोनं हिचकॉकचे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहिले होते, हा तपशील मात्र सोयीनं विसरलो. मी लेखकमहाशयांच्या पुस्तकाचं मलपृष्ठ वाचलं होतं. तेही रस्त्यात.

पहिला प्रश्न अर्थातच, ‘‘लेखनाची प्रेरणा कुठून मिळते?’’

‘‘प्रकाशकाच्या फोनमधून.’’

मी गंभीरपणे लिहून घेतलं.

खरी शोभा घरी आल्यावर झाली. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार तास सहज जातात. त्यातले तीन स्वतःचा आवाज ऐकून कानकोंडं होण्यात. ‘‘ती कादंबरी मी अर्ध्यावर असताना जाळली, कारण...’’ एवढं बोलून ते थांबलेले. तीन सेकंद शांतता. माणूस आत कुठंतरी उतरत असणार. आणि चौथ्या सेकंदाला माझा उत्साही आवाज : ‘‘वा! नवोदितांना काय संदेश द्याल?’’

‘‘भरपूर वाचा,’’ ते म्हणाले. ते कारण आता मला या जन्मी कळायचं नाही.

‘लोलिता’ कादंबरीचे लेखक नाबोकोव्ह मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मागवत आणि उत्तरंही लिहूनच देत. पूर्वी मला ते शिष्ट वाटत. हल्ली शहाणे वाटतात.

पुढची मुलाखत एका चित्रकार बाईंची. या वेळी त्यांची चित्रं नीट पाहून गेलो आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं. ‘कलेचं प्रयोजन’ वगैरे गाळून एवढंच विचारलं, ‘‘काल काय पुसलंत?’’ बाई एका निळ्या रंगावर वीस मिनिटं बोलल्या. तो तीनदा खरवडून काढला होता म्हणे. मी गप्प. जीभ दाताखाली.

मग आभार मानले, रेकॉर्डर बंद केला, दारात एक पाय चपलेत घातला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘खरं सांगू का...’’

हे तीन शब्द रेकॉर्डर चालू असताना कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पाऊण तास मी बगळ्यासारखा उभा. दुसरी चप्पल घालायची हिंमत होईना, न जाणो, बोलणं थांबायचं.

आठवेल तसं लिहून मजकूर त्यांच्याकडे तपासायला पाठवला. बाईंनी आपलं एकही उत्तर बदललं नाही. माझे प्रश्न तेवढे सगळे बदलून दिले.

छापून आल्यावर लोकांचे फोन : ‘‘काय नेमके प्रश्न विचारलेत हो!’’