माटव स्वस्त पडत नाही, हे खरंच आहे

ताई,

‘साठ माणसांचं गावरान लग्न, गोव्यातल्या अंगणात’ या आमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे. दोन ओळींत उत्तर देऊन ती वाटेला लावणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप तीन. शहरातल्या पैसेवाल्यांनी आमच्या अंगणात येऊन साधेपणाचं नाटक करायचं आणि त्याला ‘रस्टिक’ म्हणायचं, हा पहिला. चुडतं (माडाच्या झावळ्या), बांबू, झेंडू म्हणजे स्वस्तात काम, ही थाप आहे, हा दुसरा. माटोळी (रानफळं-पानं बांधलेली लाकडी चौकट) ही शोभेची वस्तू नव्हे, हा तिसरा. शिवाय शेवटी फुलांबद्दल एक प्रश्न आहे.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथं चूक आमचीच. माटोळी चवथीची, गणपतीच्या डोक्यावर बांधायची. जेवणाच्या टेबलांवर ती टांगायला सुचवणं गैर होतं. ते अशक्यही होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते आम्हीच सांगतो. माटोळीची बरीचशी रानफळं भाद्रपदातली, डिसेंबरातल्या लग्नाला ती आणणार कुठून? शिवाय त्यातलं काजऱ्याचं (कुचल्याचं) केशरी फळ विषारी असतं. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ते लटकवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तो परिच्छेद काढून टाकला आहे. छताखाली काही टांगायचंच असेल तर नारळाच्या पेंडी, सुपारीचे घड आणि आंब्याची पानं पुरेत. नारळ मात्र देठाला नव्हे, सोडणाला सुंभ गुंडाळून बांधायचा, कारण देठ वाळला की सुटतो.

आता दुसरा आक्षेप. इथं तुमचं अर्धं म्हणणं मान्य. सामान स्वस्त असतं, हात महाग असतात. हिशेबच मांडू. साठ माणसं बसून जेवणार, मधून वाढपी फिरणार, तर माणशी दहा-बारा चौरस फूट धरावे लागतात. म्हणजे वीस बाय तीसचा माटव (मांडव) घट्ट बसतो आणि वीस बाय पस्तीसचा ऐसपैस होतो. एकावर एक चढवल्यावर एक झाप (विणलेलं चुडत) साधारण आठ चौरस फूट झाकतो, म्हणून सहाशे चौरस फुटांना पंच्याहत्तर झाप हवेत आणि वर दहा जादा. चुडतं पाण्यात भिजवून, मऊ करून विणायची, मग वाळवायची. म्हणजे लग्नाच्या दोन आठवडे आधी कामाला लागावं लागतं. हल्ली झाप विणणारी माणसं किती उरली आहेत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांची मजुरी तयार मंडपाच्या भाड्याच्या वर सहज जाते. पैसा वाचवायचा म्हणून कुणी माटव घालू नये, हे वाक्य लेखात असायला हवं होतं.

खांब पोफळीचे किंवा बांबूचे, आठ ते दहा फुटांवर, दोन फूट खोल. जांभा लागला तर पहारीनं भोक पाडायला अर्धा दिवस धरा. खिळे मारू नयेत, बांबू उभा चिरतो. सुंभ भिजवून बांधावा, तो नीट वळतो आणि गाठ घट्ट बसते. हिरवी विणलेली चुडतं शोभेला लावायची असतील तर आदल्या दिवशीच लावा. ‘तीन दिवस आधी’ असं आम्ही लिहिलं होतं, ते चुकीचं. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडून कडा मुरडतात आणि फोटोत कचऱ्यासारखी दिसतात.

वाळलेल्या झापांखाली हॅलोजन किंवा जुने पिवळे बल्ब लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. दोन वॉटचे उबदार पिवळे एलईडी बल्ब लावा. शंभर बल्बांना दोनशे वॉट लागतात. तेच शंभर बल्ब चाळीस वॉटचे घेतले तर चार हजार वॉट होतात आणि घरगुती जोडणी तिथंच मान टाकते. गाणी, पंखे, फ्रीज यांसाठी जनरेटर वेगळा ठेवावा, धूर माटवाकडे येणार नाही अशा, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, निदान शंभर फुटांवर. ओल्या मातीवरून वायरी जात असतील तर ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, सजावटवाला ‘काय गरज?’ म्हणाला तरी. चूल माटवापासून तीस फूट लांब. अग्निशामक नळकांडी दोन, वाळूच्या बादल्या चार.

माडांखाली टेबलं मांडणाऱ्यांना एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच: आठवडाभर आधी पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) बोलवा. तयार नारळ, सुकी चुडतं, पोया, सगळं उतरवून घ्या. चांगला किलोभराचा नारळ पन्नास फुटांवरून पडतो तेव्हा थीम कोणती आहे ते बघत नाही. जागा आंब्या-काजूखाली असेल तर फांद्यांवर हुमल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी शोधा, रात्री नव्हे तर दिवसाउजेडी. दिव्याच्या माळा बांधताना फांदी हलली की ते खाली उतरतात आणि नवरीच्या मानेवर चावतात.

पणत्यांबाबतही लेखात आम्ही घाई केली होती. दुपारपासून समुद्राकडून वारा येतो आणि संध्याकाळी उशिरा पडतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जानेवारीअखेर साडेसहाच्या जवळ. गोरज मुहूर्ताच्या वेळी उघड्यावर लावलेल्या पणत्या म्हणून विझतात, त्या काचेच्या पेल्यात ठेवाव्या लागतात. करवंटीत थेट तेल-वात घातली तर वात खाली बसते आणि करवंटीच पेटते. करवंटीत वाळू भरून त्यात डिचोलीची मातीची पणती बसवा. वाटेच्या कडेपासून दोन फूट आत, पदर लागणार नाही अशी. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, म्हणून दिवे मंगलाष्टकांच्या आधीच लावून ठेवायचे.

पंगतीचा मुद्दा तुम्ही काढलात तो नेमका आहे. केळीचं पान हातात धरून उभ्यानं जेवता येत नाही, तरी लोक बुफेला पानं ठेवतात. बुफे असेल तर विरीची (पोफळीच्या झावळीच्या रुंद देठाची) ताटं घ्या. पंगत असेल तर तीस-तीसच्या दोन, एकामागून एक, माणशी दोन फूट लांबी आणि प्रत्येक पदार्थाला पंधरा जणांमागे एक वाढपी. म्हणजे आठ पदार्थांना सोळा वाढपी झाले. इथंच ‘साधं’ लग्न महाग होतं. मधला मार्ग असा: मीठ, लोणचं, कोशिंबीर, गोड हे आधीच वाढून ठेवायचं, भात, वरण, भाजी, सोलकढीच फिरवायची. मग आठ माणसांत भागतं.

बाकीचं थोडक्यात. शौचालय पंचवीस जणांमागे एक. पाणी स्वयंपाक सोडून हजार लिटर तरी. रात्री नवानंतर दव पडतं, म्हणून गाद्या-उशा आणि कागदी कंदील उघड्यावर नकोत. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री १० वाजता बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे आणि शेजारी तक्रार करतात, करावीच. सजावटीचा थर्मोकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी नावाची अक्षरं कापून देणारे अजून भेटतात. दिवाडी-चोडण बेटांवर जागा धरली असेल तर जनरेटरचा ट्रक फेरीबोटीत चढेल का, ते आगाऊ रक्कम देण्याआधी धक्क्यावर जाऊन विचारा.

पहिल्या आक्षेपावर आमचं मत वेगळं आहे. नाटक असतंच, नाही म्हणत नाही. मुंबईहून पेंढ्याच्या गासड्या आणून त्यावर पाहुण्यांना बसवणं हे नाटकच. आपल्याकडे पेंढा गुरांसाठी असतो, त्यात किडे असतात, अंगाला खाज सुटते आणि ठिणगीची तो वाट बघत असतो. कुणबी साडी टेबलावर अंथरायची सूचनाही मागे घेतली आहे. नेसायचं वस्त्र आहे ते, कुणी नेसलं तर शोभेल. पण सारवलेल्या अंगणात, झापांच्या सावलीत, पानावर जेवून लग्न लावणं हे परक्यांनी शोधून काढलेलं नाही. बाहेरच्या माणसानं गावातल्या पाडेल्याला, झाप विणणाऱ्या बाईला, वाढप्यांना ठरलेली मजुरी वेळेवर दिली तर त्यात आम्हाला अपमान दिसत नाही. अंगण सारवायला दोन हात आणि मधे एक दिवस लागतो. टोकदार टाचांनी ते फुटतं, हे पत्रिकेतच कळवावं.

फुलांचा तुमचा प्रश्न: ‘झेंडू सकाळपर्यंत काळा का पडतो?’ बेळगावकडून येणारा झेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून येतो. फुलं श्वास घेतात, ढिगात ऊब धरते, त्यात कुणीतरी ताजेपणासाठी पाणी शिंपडतं आणि मधली फुलं कुजतात. पिशवी आल्याबरोबर उघडा, टोपल्यांत किंवा चटईवर एक थर पसरा, पंखा लावा, पाणी मारू नका. किलोत मध्यम आकाराची दोनशे-सव्वादोनशे फुलं बसतात. भरगच्च माळेला मीटरभरात चाळीस जातात, म्हणजे किलोला पाच मीटर. साठ मीटरला बारा किलो लागतील, खराबीसकट चौदा आणा. सराईत हात तासाला दहा-बारा मीटर ओवतो. गजऱ्यांसाठी जाईजुईपेक्षा अबोलीचे वळेसर घ्या. वास नाही, पण दुसऱ्या दिवशीही डोक्यात टिकतात. आणि दारातले केळीचे खांब आदल्या संध्याकाळीच रोवून कापलेल्या बाजूंना माती लिंपा. तो चीक पैठणीवर पडला की धुऊन निघत नाही.