‘अर्धवट सेटअप’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन: व्हीएसकोडियम या कोड एडिटरमध्ये सी चालतं पण जावाला ‘जावासी: कमांड नॉट फाउंड’ (जावाचा कंपायलर सापडत नाही) येतं, 4 जीबी रॅमवर लॅपटॉप अडकतो, आणि आम्ही ‘जुनाट’ जीनी एडिटर गळ्यात मारला.

पहिली चूक आमची. लिनक्स मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलेलं कोडियम फ्लॅटपॅक होतं. फ्लॅटपॅक म्हणून टाकलेलं ॲप बाकी सिस्टीमपासून वेगळ्या बंद पेटीत चालतं, त्यामुळे ॲप्टने (मिंटच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने) टाकलेलं जेडीके (जावाचा कंपायलर वगैरे) त्याला दिसतच नाही. त्या पेटीत स्वतःचं जीसीसी (सीचा कंपायलर) असतं, म्हणून सी चाललं, आणि आम्ही फक्त सीचाच प्रोग्राम चालवून लॅपटॉप तुमच्या हाती दिला. बाहेरच्या साध्या टर्मिनलमध्ये जावासी चालवून बघा, चालेल.

लॅपटॉप आणलात तर दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. घरी करायचं असेल तर फ्लॅटपॅक काढा आणि कोडियमच्या गिटहब रिलीज पानावरून एएमडी64 ची डेब फाइल (मिंटचं नेहमीचं इन्स्टॉल पॅकेज) टाका. फ्लॅटपॅक काढताना ‘डेटाही पुसा’ हा पर्याय निवडू नका. जुन्या सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या लपवलेल्या ‘.व्हार’ फोल्डरात असतात (कंट्रोल-एच दाबल्यावर दिसतो). तिथला ‘यूजर’ फोल्डर ‘.कॉन्फिग’मधल्या व्हीएसकोडियममध्ये कॉपी करा. एक्स्टेन्शन्स मात्र पुन्हा टाकावी लागतील.

लॅपटॉप अडकतो तो एकट्या एडिटरमुळे नाही. जावाचं एक्स्टेन्शन मागे स्वतंत्र जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) चालवतं आणि त्याला 2 जीबीपर्यंत मेमरी घ्यायची मुभा असते. त्यात ब्राउझर उघडा असला की संपलंच. सेटिंग्जमध्ये ‘व्हीएमआर्ग्ज’ शोधा, ‘एक्सएमएक्स’ (मेमरीची कमाल मर्यादा) पुढचा 2जी बदलून 1जी करा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा. मोठ्या प्रोजेक्टला हे कमी पडेल. तिथे रॅम वाढवण्याला पर्याय नाही.

जीनीबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. कॉलेजच्या एका फाइलच्या प्रॅक्टिकलला जावाला एफ8 ने कंपाइल, सीला एफ9 ने बिल्ड, मग एफ5 ने रन, एवढंच लागतं, आणि 4 जीबीवर तो जाणवतही नाही. फाइलच्या वर ‘पॅकेज’ची ओळ आली की एफ5 ला ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ येतं, कारण जीनी फाइलच्याच फोल्डरातून, पॅकेजचं नाव न लावता क्लास चालवतो. ती ओळ आली की कोडियमकडे वळा. हे लॅपटॉप देतानाच सांगायला हवं होतं.

यापुढे सेटअप देताना सी आणि जावा दोन्ही एडिटरच्या आतल्या टर्मिनलमधून तपासतो.